पोटाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट समजून घेऊ या

शेतीच्या धांदलीत पोटदुखी अंगावर काढण्याची आपल्याला सवयच असते. शेवटी डॉक्टर सोनोग्राफी करावयास सांगतात आणि हाती पडतो तो इंग्रजी रिपोर्ट. मग कोणी एखाद्या शब्दाने धास्तावून झोप घालवून बसतो, तर कोणी खरोखर धोक्याचा कागद पेटीत ठेवून पुन्हा शेतावर जातो. या दोन्ही चुका टळाव्यात म्हणून त्यातील नेहमीचे शब्द आज पाहू या.

यंत्र काय करते? विहिरीत हाक मारली की ती परत येते. तसाच माणसाला ऐकू न येणारा, सेकंदाला २० ते ५० लाख कंपनांचा आवाज पोटात सोडतात आणि परतलेल्या प्रतिध्वनीचे चित्र पडद्यावर उमटते. यात क्ष-किरण नसतात. ग्लासगो येथील डॉ. इयान डोनाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली पोटातील गाठींच्या अशा तपासणीचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध केला. त्यांच्या एका रुग्ण बाईला असाध्य कर्करोग झाल्याचा समज होता. तपासणीत ती अंडाशयातील पाण्याची गाठ निघाली व शस्त्रक्रियेने काढता आली.

रंगाचे शब्द. 'इको' म्हणजे प्रतिध्वनी. 'हायपरइकोइक' म्हणजे प्रतिध्वनी जास्त, म्हणून भाग पांढरा दिसतो. 'हायपोइकोइक' म्हणजे कमी, म्हणून काळपट. 'अ‍ॅनइकोइक' म्हणजे मुळीच नाही, म्हणून काळा. तेथे बहुधा पाण्यासारखा द्रव असतो. ही रोगांची नावे नव्हेत, हे पक्के लक्षात ठेवावे.

यकृत. 'हेपॅटोमेगॅली' म्हणजे यकृत वाढलेले. 'फॅटी लिव्हर' म्हणजे यकृतात चरबी साठलेली. तिच्या पायऱ्या १ ते ३ अशा लिहितात. दारू सोडणे, वजन उतरवणे आणि साखर ताब्यात ठेवणे हाच यावरचा मुख्य उपाय होय.

पित्ताशय. 'कॅल्क्युलस' म्हणजे खडा. खड्यातून आवाज पलीकडे जात नाही, म्हणून त्याच्यामागे काळी सावली पडते; तिला 'अ‍ॅकूस्टिक शॅडो' म्हणतात. त्रास न देणाऱ्या पित्तखड्याला बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. मात्र दुखण्याबरोबर ताप किंवा कावीळ आली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

मूत्रपिंड. येथे दोन शब्द मोलाचे आहेत. 'हायड्रोनेफ्रोसिस' म्हणजे लघवी पुढे अडल्यामुळे मूत्रपिंड फुगणे. पाट तुंबला की वरचा बांध फुटतो, तसे हे आहे. वेदना थांबली तरी अडथळा राहू शकतो आणि मूत्रपिंड हळूहळू निकामी होऊ शकते. सोबत थंडी-ताप असल्यास क्षणभरही थांबू नये. दुसरा शब्द 'कॉर्टिकोमेड्युलरी डिफरन्सिएशन', म्हणजे मूत्रपिंडाच्या बाहेरच्या व आतल्या थरांतील फरक. तो पुसट झाल्याचे लिहिले असेल, तर रक्तातील क्रिएटिनिन तपासावे आणि कंबरदुखीसाठी दुकानातून परस्पर गोळ्या आणणे बंद करावे.

गाठ. 'सिस्ट' म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी. साध्या सिस्ट बहुधा निरुपद्रवी असतात. पण कुत्री व शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांनी 'हायडॅटिड सिस्ट' हा शब्द ओळखून ठेवावा. कुत्र्याच्या आतड्यातील एका पट्टकृमीची अंडी आपल्या पोटात गेल्याने ही गाठ होते. तिला भलत्या ठिकाणी सुई टोचून घेऊ नये. आतला द्रव सांडल्यास जिवावर बेतू शकते. कापलेल्या जनावराचे काळीज व फुप्फुस कुत्र्याला कच्चे घालू नये, कुत्र्याला जंताचे औषध द्यावे, आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.

'बॉवेल गॅस'मुळे स्वादुपिंड दिसले नाही, असे लिहिलेले असले तर घाबरू नये. आतड्यातील वायूने आवाज अडवला, एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच तपासणीपूर्वी ६ ते ८ तास उपाशी राहण्यास सांगतात. मधुमेहाच्या रुग्णांनी सकाळच्या औषधाबद्दल आधी विचारून घ्यावे.

रिपोर्टच्या तळाशी 'क्लिनिकल कोरिलेशन' असे लिहिलेले असते. म्हणजे चित्र आणि रोगी दोन्ही पाहून डॉक्टरांनी निर्णय घ्यावा. तेव्हा कागद पेटीत न ठेवता डॉक्टरांकडे न्यावा, आणि जुने रिपोर्टही सोबत ठेवावेत. गाठ वाढली की तशीच आहे, हे त्यांवरूनच कळते.