डोक्याची काळजी : एका डॉक्टरने मोजून शिकवलेला धडा



शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर दोन मिनिटं उभे राहा. एका दुचाकीवर तिघं-चौघं दिसतात. बाबांचं हेल्मेट आरशाला लटकलेलं आणि पुढे टाकीवर बसलेल्या लेकराचं डोकं उघडं. 'इथंच तर जायचंय,' हे उत्तर ठरलेलं. म्हणून आजचा पाठ हेल्मेटचा, पण एका डॉक्टरच्या नजरेतून.

हेल्मेटमागचं संशोधन

१३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', मोटारसायकलवरून चालले होते. समोर सायकलवरची दोन मुलं आली. त्यांना वाचवताना लॉरेन्स फेकले गेले. डोक्याला जबर मार बसला आणि सहा दिवसांनी ते गेले. वय ४६. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये मेंदूचे शल्यचिकित्सक ह्यू केर्न्स होते. केर्न्स मूळचे ऑस्ट्रेलियाचे.

पुढे महायुद्ध सुरू झालं. लष्कराचे निरोप नेणारे मोटारसायकलस्वार अपघातात मरत होते. केर्न्स शस्त्रक्रिया करून थांबले नाहीत, त्यांनी नोंदी काढल्या. १९४१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांचा लेख आला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत २,२७९ मोटारसायकलस्वार व मागे बसणारे दगावले होते आणि डोक्याची इजा हे मुख्य कारण होतं. हेल्मेट घातलेले फक्त सात जखमी त्यांना पाहायला मिळाले आणि सातही जण वाचले.

आता मुलांना इथं थांबवून विचारा : सात माणसांवरून खात्री देता येईल का? नाही! सात म्हणजे पुरावा नव्हे, तो इशारा. नोव्हेंबर १९४१ पासून ब्रिटिश लष्कराने कामावरच्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. १९४६ मध्ये केर्न्स यांनी पुन्हा आकडे मांडले, तेव्हा सक्तीनंतर मृत्यू कमी होत गेलेले दिसले. तरीही ब्रिटनमध्ये सर्वसामान्यांसाठी कायदा व्हायला १९७३ उजाडलं. केर्न्स १९५२ मध्येच वारले होते. संशोधन छापून येणं आणि लोकांनी ते अंगी बाणवणं, यात असं अंतर असतं.

मेंदूला काय होतं?

आपला मेंदू साधारण १.३ ते १.४ किलोचा, मऊ. तो कवटीत प्रमस्तिष्क मेरुद्रवात तरंगतो. डोकं आपटलं की कवटी थांबते, पण मेंदू पुढे जातो आणि आतून आदळतो. हे जडत्वच, नववीच्या 'गतीचे नियम' पाठातलं.

दीड मीटरवरून डोकं खाली आलं तर जमिनीला टेकताना वेग ताशी सुमारे १९ कि.मी. असतो. म्हणजे गाडी उभी असतानाही पडणं धोक्याचंच. हेल्मेटच्या आतला थर्माकोल दबतो आणि डोकं थांबायला जास्त अंतर मिळतं. थांबण्याचं अंतर दहापट झालं, तर सरासरी बल दहा भागांपैकी एक भाग उरतं. थर्माकोल एकदा दबला की पुन्हा फुगत नाही, म्हणून जोराने आपटलेलं हेल्मेट बदलायचं.

वर्गात करून पाहा

एक पिकलेला टोमॅटो फरशीवर टाका. दुसरा जाड स्पंजमध्ये गुंडाळून तेवढ्याच उंचीवरून टाका. फुटलेला टोमॅटो पुन्हा जोडता येईल का, एवढंच विचारा. बाकीचं मुलं बोलतील.

पालकांसाठी

• चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेट आणि सुरक्षा पट्टा हवा, वेग ताशी ४० कि.मी.च्या आत.
• आयएसआय चिन्ह पाहा. मोठ्यांचं ढिलं हेल्मेट मुलाला चालत नाही. हनुवटीचा पट्टा लावलाच पाहिजे.
• डोक्याला मार लागल्यावर उलट्या, गुंगी, वाढती डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ किंवा झटका आला तर लगेच दवाखाना गाठा. 'झोपू दे, बरं वाटेल' असं म्हणू नका.
• अपघातग्रस्ताची मान हलवू नका, बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, १०८ ला फोन करा. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

डॉक्टरच्या हातात रुग्ण येतो तो अपघातानंतर. त्याआधीचं काम आपलं आहे. मुलं आपण सांगतो ते कमी आणि करतो ते जास्त शिकतात. उद्या सकाळी मुलाला सोडायला निघताना आरशावरचं हेल्मेट डोक्यावर चढवा आणि एक छोटं हेल्मेट त्याच्यासाठीही घ्या.