घर-जागा घेण्यापूर्वी : काही प्रश्नोत्तरे

कापूरहोळ हे पुणे-सातारा महामार्गावरील गाव; येथूनच भोरकडे रस्ता फुटतो. साहजिकच परिसरातील जमिनीला गिऱ्हाईक येते. अशा वेळी बांधवांना पडणाऱ्या तीन प्रश्नांचा येथे विचार करू.

प्रश्न : वतनाची जमीन विकता-घेता येते काय?
उत्तर : महार वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली व जमिनी कब्जेहक्काची रक्कम भरून नव्या शर्तीने परत मिळाल्या. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीबाबत खात्री केल्याशिवाय व्यवहार करू नये. शर्तभंग झाल्यास जमीन सरकारजमा होऊ शकते. मग विकणाऱ्याची वाडवडिलांची जमीन जाते आणि घेणाऱ्याचे पैसे.

प्रश्न : नोटरीसमोर स्टँपपेपरवर लिहून घेतले तर?
उत्तर : त्याने मालकी मिळत नाही. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. बँकेने कर्जासाठी कागद नाकारले तर रागावू नये. तो इशारा समजावा.

प्रश्न : भाड्याने राहायचे असल्यास?
उत्तर : १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अनामत रकमेची पावती घ्यावी.

थोडक्यात, इसार देण्याआधी सातबारा व फेरफार घरातील शिकलेल्या मुलामुलींकडून मोठ्याने वाचून घ्यावेत. जमीन मिळवायला पिढ्या लागल्या. ती एका सहीने जाऊ नये.