डोक्यावर पाय असलेली माशी

पिकलेली केळी दोन दिवस उघडी राहिली, की त्यांच्याभोवती बारीक चिलटे घिरट्या घालू लागतात, हे तुम्ही पाहिले असेलच. यांतलेच तांबड्या डोळ्यांचे, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर लांबीचे एक चिलट म्हणजे ड्रॉसोफिला माशी. स्वयंपाकघरात ती उपद्रवी वाटली, तरी आनुवंशिकीच्या प्रयोगशाळेत तिचा मान फार मोठा आहे.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या या माश्यांत कधी कधी एक विलक्षण माशी जन्माला येते. डोक्यावर जेथे शृंगिका, म्हणजे वास ओळखणाऱ्या दोन मिशा असाव्यात, तेथे तिला चक्क दोन पाय असतात! या पायांना सांधे असतात, नख्याही असतात. पाय पायासारखाच, जागा तेवढी चुकलेली. एका अवयवाच्या जागी दुसराच अवयव येण्याच्या या प्रकाराला विल्यम बेटसन या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८९४ साली ‘होमिओसिस’ असे नाव दिले.

आता थोडा विचार करा. प्राण्याचे शरीर एकाच फलित अंड्यापासून बनते. ते अंडे पुन्हा पुन्हा विभागले जाते आणि जवळजवळ प्रत्येक पेशीला त्याच जनुकांचा संच मिळतो. मग डोक्याच्या पेशीला ‘तू मिशी हो’ आणि छातीच्या पेशीला ‘तू पाय हो’ असे सांगते कोण?

चार पंखांची माशी

या प्रश्नामागे एडवर्ड लुईस या अमेरिकन शास्त्रज्ञांनी आपले आयुष्य वेचले. माशीच्या छातीचे तीन खंड असतात. प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी असते. दुसऱ्या खंडाला याखेरीज पंखांची जोडी असते. तिसऱ्या खंडावर पंखांऐवजी दोन लहान गाठी असतात. उडताना तोल सांभाळणाऱ्या या गाठींना संतोलक म्हणतात. १९१५ साली कॅल्विन ब्रिजेस यांना अशी एक माशी सापडली होती, की तिचे संतोलक काहीसे पंखासारखे झाले होते. याच वाणातील माश्यांचे लुईस यांनी वर्षानुवर्षे संकर केले. शेवटी त्यांनी पूर्ण वाढलेले चार पंख असलेली माशी मिळवली. तिच्या एका जनुकात बिघाड होऊन तिसरा खंड हुबेहूब दुसऱ्यासारखा झाला होता.

म्हणजे हे जनुक पंख बनवणारे नव्हे. ‘तू तिसरा खंड आहेस’ एवढेच ते त्या खंडाला सांगते. तो निरोप पोचला नाही, म्हणून तिसरा खंड दुसऱ्यासारखा वागला. लुईस यांना आणखी एक आश्चर्य आढळले. शरीराचे भाग पुढून मागे ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने त्यांची जनुके गुणसूत्रावर ओळीने बसलेली असतात! हे संशोधन १९७८ साली प्रसिद्ध झाले आणि १९९५ साली लुईस यांना दोन सहकारी शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडेही डॉ. एल. एस. शशिधर यांनी हैदराबाद व पुणे येथे पंख आणि संतोलक यांतील हा फरक कसा घडतो, याचा अभ्यास केला आहे.

मुकादम जनुके

१९८४ साली स्वित्झर्लंड व अमेरिका येथील शास्त्रज्ञांना या सर्व जनुकांत सुमारे १८० अक्षरांचा एक समान तुकडा आढळला. त्याला ‘होमिओबॉक्स’ असे नाव मिळाले आणि या जनुकांना ‘हॉक्स’ जनुके म्हणू लागले. या तुकड्यावरून प्रथिनाचा ६० अमिनो आम्लांचा भाग तयार होतो. तो डीएनएला नेमक्या ठिकाणी चिकटतो आणि इतर जनुकांना चालू किंवा बंद करतो.

घराचे बांधकाम तुम्ही पाहिले असेल. मुकादम स्वतः विटा रचत नाही, पण कोणी कोठे काय बांधायचे हे तोच सांगतो. हॉक्स जनुके ही अशी मुकादम जनुके आहेत.

माशीत हॉक्स जनुके ८ आहेत. माणसात ती ३९ असून चार गुणसूत्रांवर चार गटांत मांडलेली आहेत. क्रम मात्र तोच, डोक्याकडून खाली! १९९० साली उंदराचे एक हॉक्स जनुक माशीत घालण्यात आले, तेव्हा शृंगिकेच्या जागी पाय आला. पण तो उंदराचा नव्हे, माशीचाच! मुकादम उंदराकडचा असला, तरी कामगार माशीचेच होते ना? माशी व उंदीर यांचा समान पूर्वज ५० कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी होऊन गेला. तरीही ही भाषा टिकून आहे.

आपल्या पाठीच्या कण्यात मानेचे ७ मणके असतात, मग बरगड्या असलेले १२ आणि त्याखाली कमरेचे ५. ही वाटणीही हॉक्स जनुकेच करतात. उंदरांतील अशा जनुकांचा एक गट निकामी केल्यावर त्यांच्या कमरेच्या मणक्यांनाही बरगड्या फुटल्या, असे २००३ साली दिसून आले.

मुकादम चुकला तर

काही कुटुंबांत मधले बोट व करंगळीशेजारचे बोट जुळलेली असतात आणि त्यांच्यामध्ये एक जादा बोट दडलेले असते. १९९६ साली याचे कारण सापडले. हॉक्स-डी-१३ या जनुकाच्या प्रथिनात ॲलनिन नावाच्या अमिनो आम्लाचे १५ मणी ओळीने असतात. या रुग्णांत त्यात ७ किंवा अधिक मण्यांची भर पडलेली होती. आईवडिलांपैकी एकात हा दोष असला, तरी प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते. जुळलेल्या बोटांची इतरही कारणे आहेत.

असे मूल जन्मले, की ‘आईने ग्रहणात भाजी चिरली असेल’ असे आजही काही घरांत म्हटले जाते. ती बिचारी जन्मभर स्वतःला दोष देत राहते. मित्रांनो, ग्रहण ही सावली आहे. ती जनुकातले एक अक्षरही बदलू शकत नाही. जुळलेली बोटे बऱ्याचदा शस्त्रक्रियेने मोकळी करता येतात. दोष आईला देण्याऐवजी मुलाला डॉक्टरांकडे न्यावे, हेच खरे.

काही औषधांपासून मात्र गर्भाला खरोखर धोका असतो. अ जीवनसत्त्वापासून शरीरात बनणारे रेटिनॉइक आम्ल हॉक्स जनुके चालू करण्यात भाग घेते. मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन हे औषध याच घराण्यातले आहे. त्यामुळे गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात, म्हणून गर्भवतीने ते घेऊ नये.

हॉक्स जनुकांचे काम जन्मानंतरही संपत नाही. हॉक्स-ए-९ हे जनुक रक्ताच्या मूळ पेशींत चालू असते व पेशी पक्व होताना शांत होते. काही प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगांत ते चालूच राहते आणि पेशी पक्व न होता वाढत सुटतात.

करून पाहा

मान पुढे वाकवा आणि मानेच्या पायथ्याशी बोट फिरवा. तेथे एक ठळक उंचवटा लागेल. बहुतेकांत तो मानेचा सातवा, म्हणजे शेवटचा मणका असतो. त्याच्या खालच्या मणक्यापासून बरगड्या सुरू होतात. मेलेला डास भिंगाखाली धरून त्याच्या पंखांमागचे संतोलकही शोधा. तुमच्या मणक्याला आणि डासाच्या त्या गाठीला आपापली जागा सांगणारी जनुके एकाच घराण्यातली आहेत!