धास्तीच्या रात्रीसाठी एक कागद

पालघर जिल्ह्यातल्या शिरगावच्या उत्तरेला सातपाटीचं बंदर आहे, पूर्वेला पालघर स्टेशन, आणि आणखी वर बोईसर-तारापूरची एमआयडीसी व १९६९ पासून वीज देणारं अणुऊर्जा केंद्र. या पट्ट्यातल्या आईची धास्ती या दिशांनीच घरी येते. कुणाचा मुलगा बोटीवर, कुणाचा नवरा केमिकल कंपनीत रात्रपाळीला, कुणाची मुलगी शेवटच्या लोकलने विरारहून परत यायची. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा तिकडच्या बायांनी मुलांना घेऊन थंडीत अंगणात रात्री काढल्या.

अशा वेळी ख्रिस्ती आईला दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, विश्वास ठेव, घाबरू नकोस. दुसरा म्हणतो, प्रार्थना करत बसू नकोस, काहीतरी कर. या दोन सल्ल्यांत बाईची ओढाताण होते. खाली दिलेल्या कृतीत प्रार्थना आणि फोन नंबर एकाच कागदावर येतात, आणि ते तसेच यावेत असं माझं ठाम मत आहे. कॅथलिक घरातल्या आईलाही ही कृती चालेल, प्रोटेस्टंट मंडळीतल्या आईलाही.

साहित्य: एक फुलस्केप कागद, पेन, बायबल (रोझरी म्हणत असाल तर माळ), मोबाईल, आणि रात्री अकरालाही जिचा फोन उचलला जाईल अशी एक बाई. पहिल्यांदा करताना तासभर लागेल, पुढे अर्धा तास पुरतो. शक्य असेल तर पहिला कागद शांत दिवशी, दुपारी करून ठेवा.

१. आधी शरीर. छाती धडधडत असताना वाचलेलं वचन डोक्यात शिरत नाही. खाली बसा, दोन्ही पाय फरशीला टेकवा. चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. दहा वेळा करा. सोडताना जास्त वेळ घेतला की नाडी संथ होते. प्रत्येक श्वास सोडताना येशूचं नाव घ्या. मग एक ग्लास पाणी प्या. जेवण राहिलं असेल तर दोन घास खाऊनच पुढे जा. एलिया झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिलं नाही, भाकर आणि पाणी दिलं.

२. भीतीचं पूर्ण नाव लिहा. ‘काहीतरी वाईट होईल’ असं लिहायचं नाही. कोण, कुठे, काय आणि कधीपर्यंत, हे चारही वाक्यात आलं पाहिजे. ‘धाकटा परवा बोटीवर गेला, आज संध्याकाळी यायचा होता, फोन लागत नाही, बोट बुडाली असेल असं वाटतं.’ बुडाली हा शब्दही लिहा. पुष्कळ बाया इथेच अडतात, कारण लिहिलं की खरं होईल असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. उलट, ज्याचं नाव घेतलं नाही ते रात्रभर नवी रूपं घेत राहतं.

हे लिहिणं अविश्वासाचं आहे असं कुणी म्हणालं तर स्तोत्रसंहिता उघडून दाखवा. तिच्यातली कितीतरी गाणी तक्रारीची आहेत. तेराव्या स्तोत्रात भक्त देवाला पुन्हा पुन्हा विचारतो, अजून किती काळ? सत्याहत्तराव्यात त्याला रात्रभर झोप नाही. हन्नाने शिलोच्या मंदिरात ओठ हलवत, आवाज न करता, असं रडून मागणं मांडलं की याजकाला ती प्यालेली वाटली. देवाने तिचंच ऐकलं. खुद्द मरियेने तीन दिवस हरवलेला बारा वर्षांचा मुलगा मंदिरात सापडल्यावर, आम्ही किती घाबरून तुला शोधत होतो, हे त्याला तोंडावर ऐकवलं.

आपल्या भाषेत हे धैर्य लक्ष्मीबाई टिळकांकडे आहे. १८९५ साली त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पदरी लहानगा दत्तू होता. पुढची काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, उद्याचा पत्ता नाही अशा अवस्थेत. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ही बाई आपला राग, भीती, रडणं काहीच झाकत नाही. ज्यांच्या घरात ते पुस्तक नाही त्यांनी आणावं.

३. कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘माझ्या हातात’, उजवीकडे ‘हाताबाहेर’. लिहिलेल्या भीतीतलं काय कुठे जातं ते ठरवा. ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आहे, तिला वेळ द्या.

मोशेची आई योखबेद हिने नेमकं हेच केलं. फारोचा हुकूम तिच्या हाताबाहेर होता. पण तिने पेटारा आणला, त्याला राळ आणि डांबर लावून फटी बुजवल्या, तो वाहत्या धारेत न सोडता काठच्या लव्हाळ्यात ठेवला, आणि काय होतं ते पाहायला मुलाची बहीण लांब उभी राहिली. डांबर लावणं हा तिच्या विश्वासाचाच भाग होता. डावीकडचा रकाना भरताना ते डांबर आठवा.

बोटीवर माणूस असेल तर डाव्या रकान्यात बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, तांडेलाचा नंबर, मच्छीमार सोसायटीचा नंबर आणि बरोबर गेलेल्या दुसऱ्या बोटीचं नाव लिहा. समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा मोफत नंबर १५५४. लाइफ जॅकेट बोटीवर आहे का, हे निघण्याआधी विचारायचं, मुलगा वैतागला तरी. आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: किनारा मागे पडला की मोबाईलची रेंज जाते, म्हणून फोन न लागणं ही वाईट बातमी नव्हे. वायरलेसवरून निरोप आला का, हे सोसायटीत विचारा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात ‘गाल कन्स्ट्रक्टर’ हा तराफा भरकटत पालघरच्या किनाऱ्याजवळ आला होता. त्यावरच्या १३७ जणांना नौदल आणि तटरक्षक दलाने सुखरूप काढलं. त्यांच्या घरच्यांनाही ती रात्र फोनाविनाच काढावी लागली असणार.

कंपनीत माणूस असेल तर वेगळी यादी. बऱ्याच केमिकल कंपन्यांत मोबाईल आत नेऊ देत नाहीत, म्हणून नवऱ्याचा नंबर उपयोगाचा नाही. गेटवरच्या सिक्युरिटीचा, ठेकेदाराचा आणि त्याच पाळीतल्या एका सोबत्याच्या घरचा नंबर घ्या. प्लॉट नंबर लिहा, कारण स्फोटाची बातमी येते तेव्हा कंपनीचं नाव लगेच कळेलच असं नाही. ईएसआय कार्डाची झेरॉक्स घरात हवी. वायुगळतीचा वास आला तर दारं-खिडक्या बंद करून ओला कपडा नाकाला लावायचा. बाहेर पडायचीच वेळ आली तर वारा कुठून येतो ते पाहून त्याला आडवं निघायचं, वाऱ्याबरोबर पळायचं नाही.

भूकंपाच्या धक्क्यांची भीती असेल तर मुलं झोपतात तिथून कपाट आणि माळ्यावरचे डबे आजच हलवा. बाकी सगळ्यांसाठी: रुग्णवाहिका १०८, कोणतंही संकट ११२, जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७.

डावीकडच्या प्रत्येक ओळीपुढे चौकोन काढा आणि आत्ता, या घडीला होण्यासारखं जे असेल ते करून टाका. फोन करायचा असेल तर करा. उठून गॅस बंद आहे का पाहायचा असेल तर एकदाच पाहा आणि खूण करा. खूण झालेल्या ओळीकडे पुन्हा जायचं नाही.

४. आता उजवा रकाना घेऊन प्रार्थनेला बसा. सरसकट ‘सगळ्यांना सांभाळ’ म्हणू नका. एकेका ओळीवर बोट ठेवून बोला. शब्द सुचत नसतील तर हे घ्या आणि आपली नावं घाला:

‘प्रभू, माझा मुलगा बोटीवर आहे आणि त्याचा निरोप नाही. मी घाबरले आहे. मला करता येण्यासारखं मी केलं आहे. माझी नजर किनाऱ्यापर्यंतच पोचते, तुझी पुढेही पोचते. त्याला घरी आण. त्याच्याबरोबरच्या पोरांनाही आण. आणि उद्या सकाळी डबा करायला मला उभी ठेव.’

यानंतर आज मिळालेल्या एका गोष्टीबद्दल आभार माना. पौलाने फिलिप्पैकरांना मागणी आणि आभार एकत्रच सांगितले आहेत. मग मार्कच्या चौथ्या अध्यायातला वादळाचा प्रसंग वाचा, मोठ्याने. तिथल्या शिष्यांपैकी काही जण समुद्र ओळखणारे कोळी होते, ते उगाच घाबरले नव्हते. येशू मागच्या बाजूला उशीवर झोपला होता आणि त्यांनी त्याला, आमची तुला पर्वा नाही का, असं म्हणत हलवून जागं केलं. त्याने आधी वादळ शांत केलं, विश्वासाचं नंतर विचारलं. रोझरी म्हणणाऱ्यांनी इथे एक दशक म्हणावं.

प्रार्थना म्हणजे सौदा नव्हे, हे इथेच सांगितलं पाहिजे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हजारो निराधार बाया-मुलांना आसरा दिला, आणि १९२१ साली त्यांची एकुलती मनोरमा त्यांच्याआधी गेली. त्यांची प्रार्थना कमी पडली असं म्हणायची कुणाची छाती आहे? मूल आजारी असलेल्या आईला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ म्हणणारा माणूस घरात येऊ देऊ नका.

५. दुसऱ्या बाईला फोन. देवदूताचा निरोप आल्यावर मरिया घरात एकटी कुढत बसली नाही. डोंगराळ भागात अलिशिबेकडे गेली आणि जवळजवळ तीन महिने राहिली. कागदाच्या खाली आपल्या अलिशिबेचं नाव लिहा. ती जाऊ असेल, शेजारीण असेल, मंडळीतली मावशी असेल, ख्रिस्ती नसली तरी चालेल. शांत दिवशीच तिला विचारून ठेवा: ‘रात्री घाबरले तर तुला फोन करू का?’

फोन उचलणाऱ्या बाईसाठी दोन शब्द. ‘काही होत नाही ग’ म्हणू नका, ते तुमच्या हातात नाही. तिने लिहिलेलं वाक्य तिला वाचायला सांगा, पूर्ण ऐका, मग विचारा: डाव्या रकान्यातलं काय राहिलंय? जवळ राहत असाल तर जाऊन बसा.

६. मुलं. ती जागी असतील तर लपवू नका, आपला चेहरा ती वाचतातच. खरं आणि थोडक्यात सांगा: ‘बाबांचा फोन लागत नाही, मी चौकशी केली आहे, कळलं की सांगेन.’ मग त्यांना एक काम द्या. मोठ्या मुलीला काकांचा नंबर लावायला सांगा, धाकट्याला मेणबत्ती लावू द्या. व्हॉट्सअॅपवर फिरणारे स्फोटाचे, वादळाचे व्हिडिओ मात्र बंद. बातमीसाठी डाव्या रकान्यातल्या नंबरांवरच फोन.

७. कागद मिटा. घडी करून बायबलमध्ये ठेवा आणि दिवा मालवा. झोप लागेलच असं नाही, नुसतं पडून राहिलात तरी चालेल. मनात तेच परत आलं तर, ‘ते कागदावर आहे,’ एवढंच म्हणा. सकाळी कागद उघडून काय झालं ते तारखेसह खाली लिहा, चांगलं असो वा वाईट.

ही कृती कुठे पुरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप-भूक गेली असेल, बाळंतपणानंतर सारखं रडू येत असेल, स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असं मनात येत असेल, तर सकाळची वाट न पाहता टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं. त्यानंतर डॉक्टर. गोळी घेणं म्हणजे देवावरचा भरवसा सोडणं नव्हे. जीव आत्ताच धोक्यात असेल तर ११२.

आणि भीती घरातल्याच माणसाची असेल, तो हात उगारत असेल, तर उजवा रकाना रिकामा ठेवा. ‘क्रूस वाहा, सहन कर’ हा सल्ला फादरांनी, पाळकांनी किंवा सासूने दिला तरी तो मानू नका. महिलांसाठी हेल्पलाइन १८१. अलिशिबेकडे एक पिशवी आधीच ठेवा: आधार कार्ड, मुलांचे दाखले, थोडे पैसे, दोन जोड कपडे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सा किंवा उपासना झाली की कागद काढा आणि नंबर लागतात का ते पाहा. तांडेल बदलतो, ठेकेदार बदलतो, पाळी बदलते. मासेमारीची पावसाळी बंदी उठून बोटी पुन्हा निघायच्या आधी तर नवीन कागदच करा, आणि त्याची एक प्रत अलिशिबेला द्या.