जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा

गावची यात्रा कशी भरवायची हे तुम्हांला सांगावे लागत नाही. ते वाडवडिलांपासून चालत आले आहे. पण हायस्कुलाच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा भरवायचा म्हटले, की सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. एका वर्षाच्या मुलांनी जमणे सोपे. पण शाळा निघाल्यापासूनच्या साऱ्या वर्गांना बोलवायचे म्हणजे आजोबा, बाप आणि नातू एकाच मांडवात! १९७५ सालाच्या आधी मॅट्रिकची परीक्षा अकरावीला असे. मग ती दहावीला आली. अकरावीवाले वेगळे, दहावीवाले वेगळे. त्यांची गाठ घालून द्यायची.

बीड जिल्ह्यातल्या आमच्या हायस्कुलाचा असा मेळावा आम्ही काही जणांनी २०१८ साली भरवला. त्यात सुरुवातीलाच आमच्या हातून एक चूक झाली. ती आधी सांगतो.

शाळेच्या कचेरीत मॅट्रिक पास झालेल्यांच्या याद्या होत्या. साल आणि नाव, सगळे सुबक लिहिलेले. आम्ही त्याच उतरून घेतल्या. चार दिवसांत काम झाले. वाटले, बरे झाले.

मग एके दिवशी पिठाच्या गिरणीवर आमचा एक जुना सोबती भेटला. पाचवीपासून आम्ही एका बाकावर बसलो होतो. आम्ही म्हटले, "मेळाव्याला येतोस ना?" दळणाचा डबा खाली न ठेवताच तो म्हणाला, "आमचं काय काम तिथं गुरुजी? आम्ही कुठं पास झालोय?"

रात्री आम्हांला झोप आली नाही. १९७२ चा दुष्काळ तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. विहिरी आटल्या होत्या. लोक मिलो खाऊन दिवस काढीत होते. आम्ही तेव्हा सातवीत होतो. त्याच वर्षी हा सोबती शाळेतून गेला, तो परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत जाऊन जनरल रजिस्टर काढले. प्रत्येक शाळेत हे मोठे पुस्तक असते. मूल शाळेत आले की त्याचे नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख त्यात लिहितात. शाळा सोडली की सोडल्याची तारीख आणि कारणही लिहितात. दाखला याच्यावरूनच मिळतो. त्यात सोबत्याची ओळ सापडली. कारणाच्या रकान्यात लिहिले होते, "सतत गैरहजर." शाळेत गैरहजर खरा. पण पोरगं रोज भर उन्हात आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर हजर होतं, खडी फोडत.

आमची यादी आम्ही फाडून टाकली. नवी यादी रजिस्टरावरून केली. एक दिवस शाळेत आला, त्याचेही नाव घातले. आधीच्या यादीत कितीतरी माणसे सुटली होती. मुली तर बहुतेक साऱ्याच. हेडमास्तरांची परवानगी घेऊन कचेरीतच बसून लिहून घ्यावे. रजिस्टर घरी नेऊ नये. आणि कोणाची जन्मतारीख, कोण नापास झाले, ते बाहेर बोलू नये.

लेकींचा पत्ता लावणे हे सर्वांत किचकट काम. रजिस्टरात माहेरचे नाव, आता आडनाव सासरचे. ते काम आम्ही गावातल्या वयस्क बायकांवर सोपवले. कोणाची लेक कुठे दिली, हे त्यांना तोंडपाठ असते.

काही वर्षांची पाने वाळवीने खाल्ली होती. म्हणून यादी चावडीवर लावली आणि लोकांना सांगितले, चुकले असेल ते दाखवा. आमच्या साक्षरता वर्गातल्या एक बाई ओळीवर बोट ठेवून वाचत होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, हे माझ्या भावाचं नाव. पण आडनाव दुसऱ्याचंच लागलंय." खरेच चुकले होते. हायस्कुलाची पायरी न चढलेल्या बाईने मास्तरांची चूक काढली. तुमच्या गावी अशी यादी लागली तर दुसऱ्याला विचारू नका. स्वतः वाचा.

तारखेवरून भांडणे होतात, ती होऊ द्यावीत. पुण्या-मुंबईची मंडळी म्हणाली, दिवाळीत ठेवा, आम्हांला रजा असते. पण तेव्हा आमच्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. कोयता घेऊन गेलेला माणूस मेळाव्याला कसा येणार? शेवटी २७ मे, रविवार ठरला. तोवर टोळ्या परत आलेल्या असतात आणि पेरणीला अवकाश असतो. त्या वर्षी १६ मे ते १३ जून अधिक ज्येष्ठ होता. अधिक महिन्यात लग्ने नसतात, त्यामुळे मांडववाला आणि आचारी मोकळे. शिवाय धोंड्याचा महिना, लेकी-जावई माहेरी येतातच. उन्हामुळे सकाळी सातला सुरू करून अकराला पंगती बसवल्या.

वर्गणी सर्वांना सारखी आणि थोडी ठेवावी. ज्याला जमत नाही त्याने पायलीभर ज्वारी द्यावी, नाही तर मांडवाला हात लावावा. जास्त देणाऱ्याचे नाव माइकवर पुकारू नये. तसे केले, की थोडे देणारा मागे जाऊन बसतो. बँकेतले खाते दोघांच्या सहीचे असावे आणि पै न् पैची पावती द्यावी. पुढाऱ्यांची भाषणे आम्ही ठेवली नाहीत. त्यावरून दोघे-तिघे रुसले. रुसले तर रुसले.

भाषणांऐवजी हजेरी घेतली. रजिस्टरावरून, एकेक साल. वारलेल्यांचे नाव आले, की त्यांच्या वर्गातले उभे राहत. मग आमचा वर्ग आला. सोबत्याचे नाव पुकारले. तो मांडवात नव्हता. पाण्याच्या टाकीजवळ, धोतराच्या सोग्याने तोंड पुसत उभा होता. तिथूनच म्हणाला, "हजर."

खर्च वजा जाता काही पैसे उरले. हिशेब लिहून चावडीवर लावला आणि उरलेल्या पैशांत शाळेला एक लोखंडी कपाट घेऊन दिले. जुनी रजिस्टरे आता त्यात आहेत. वाळवी लागू नये म्हणून शिपाई दर महिन्याला ती उन्हात काढून ठेवतो.