व्हीएमचं ऐक, पण होस्टलाही विचार

अगं, सर्व्हर सांभाळायची नोकरी लागली ना, मग एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. "अ‍ॅप फार स्लो झालंय" असा फोन आला की तू आधी त्या व्हीएममध्ये शिरशील, टास्क मॅनेजर उघडशील आणि सीपीयू 40 टक्के दिसला की निर्धास्त होशील. तिथेच गाडी चुकते. त्याच होस्टवर आणखी वीस व्हीएम दाटीवाटीने बसल्यात, हे तिला आतून दिसतच नाही गं.

म्हणून होस्टकडून बघायचं. तुमच्याकडे व्हीएमवेअर आहे ना? ईएसएक्सआयवर ईएसएक्सटॉप चालव, 'सी' दाब आणि %आरडीवाय हा रकाना धर. काम तयार आहे, पण खरा सीपीयू मिळत नाही म्हणून व्हीएम किती ताटकळली, ते त्यात कळतं. एका व्हीसीपीयूमागे हा आकडा सतत 10 टक्क्यांवर असेल तर दुखणं खरं. पण तिथे सगळ्या व्हीसीपीयूंची बेरीज दिसते. चार व्हीसीपीयूंच्या व्हीएमला 20 दिसले, तर चारने भाग आणि शांत राहा. व्हीसेंटरच्या रिअल-टाइम चार्टमध्ये हेच मिलिसेकंदांत येतं. दर नमुना 20 सेकंदांचा, म्हणून एका व्हीसीपीयूला 2000 म्हणजे 10 टक्के. केव्हीएमवर लिनक्सची व्हीएम असेल, तर तिच्या आतल्या टॉपमधला 'एसटी' बघ, तो याच जातीचा.

मग डेव्हलपर म्हणतील, "आणखी चार सीपीयू द्या ना!" लगेच देऊ नकोस हं. पंगतीत आठ जणांना एकत्रच बसायचं असेल तर पाट मिळायला उशीर होणारच. मोठ्या व्हीएमचं तसंच होतं. सोबतच्या व्हीसीपीयूंसाठी असं खोळंबणं ईएसएक्सटॉपच्या %सीएसटीपी रकान्यात दिसतं. तो 3च्या वर गेला असेल, तर सीपीयू कमी करून बघ. कित्येकदा व्हीएम त्यानेच सुधारते.

मेमरीत बलूनिंग दिसलं, म्हणजे होस्ट व्हीएमकडून मेमरी परत मागू लागला, तर सावध हो, आणि होस्ट स्वॅपमधून वाचायला लागला असेल तर तातडीने हालचाल कर. डिस्कसाठी डीएव्हीजी आणि केएव्हीजी वेगवेगळे वाच. पहिला 20-25 मिलिसेकंदांवर टिकून असेल तर स्टोरेजवाल्यांना गाठ. दुसरा 2च्या वर असेल तर घोळ होस्टमध्येच, बहुधा रांग तुंबलीय. आणि बॅकअपनंतर विसरलेले स्नॅपशॉट शोध. 72 तासांपेक्षा जुना स्नॅपशॉट ठेवू नका, असं खुद्द व्हीएमवेअर सांगतं.

हे सगळं तक्रार ताजी असतानाच टिपून घे. 20 सेकंदांचे नमुने व्हीसेंटरमध्ये तासभरच राहतात. नंतर उरते पाच मिनिटांची सरासरी, आणि तिच्यात दोन क्षणांचा झटका कुठच्या कुठे विरून जातो. दुपारी तक्रार आली आणि तू संध्याकाळी चार्ट उघडलास, तर सगळं गुळगुळीत दिसेल आणि खोटी तू ठरशील.

शेवटचं, आणि हे आजच कर. कोणाची ओरड नसताना नेहमीच्या दिवसाचे, महिनाअखेरचे आणि बॅकअपच्या रात्रीचे हे आकडे लिहून ठेव. रोजचं माहीत असलं तरच बिघडलेलं ओळखता येतं. मग मीटिंगमध्ये नेटवर्कवाले स्टोरेजकडे आणि स्टोरेजवाले तुझ्याकडे बोट दाखवतील, तेव्हा वाद घालत बसू नकोस. आकडे टेबलावर ठेव.