खार व ग्वानाय पक्षी : दोन जीवांचा जमाखर्च

एक जीव आपल्या अंगणांतला, दुसरा सातासमुद्रांपलीकडचा. त्यांची तुलना कशासाठीं, असें वाचक विचारतील. महसूल खात्यांत उभा जन्म आंकडे मांडण्यांत गेल्यामुळें प्रत्येक गोष्ट दोन रकान्यांत लिहून पाहण्याची मला खोड आहे. ती येथें उपयोगी पडेल.

खार.—कोंकणांत व दक्षिणेंत पाठीवर तीन पट्टे असलेली खार आढळते. उत्तरेकडील जातीस पांच पट्टे असतात. मादी सुमारें ३४ दिवस गर्भ वागवून बहुधा दोन-तीन पिलें देते. खार कोंवळे नारळ पोखरते, पेरू-चिकूस तोंड लावते. हा खर्चाचा रकाना. जमेस पाहावें तर ती किडेही खाते, आणि सावरीच्या फुलांतील मध पितांना पराग दुसऱ्या झाडावर नेते.

ग्वानाय.—पाणकावळ्याच्या कुळांतील हा समुद्रपक्षी पेरू देशाच्या बेटांवर मोठ्या वसाहती करून राहतो. अँचोव्हेटा नांवाची लहान मासळी हें त्याचें मुख्य भक्ष्य. तेथें पाऊस जवळजवळ पडत नाहीं; म्हणून विष्ठेंतील नत्र वाहून न जातां तिचे थर सांचतात. हेंच ग्वानो खत. चिंचा बेटांवर हे थर कोठें कोठें शंभर फुटांहून उंच होते. इ. स. १८४० नंतर तें जहाजें भरभरून परदेशीं गेलें, आणि शतकांची शिल्लक सुमारें चाळीस वर्षांत संपत आली. १९०९ सालीं पेरूमध्यें कंपनी स्थापून पक्ष्यांस राखण देण्यांत आली. परंतु १९५० नंतर माणसानेंच ती मासळी अतोनात पकडली. त्यांत एल् निनोच्या वर्षीं समुद्र तापून मासळी दूर जाते. पक्षी फार घटले.

तुलना.—खारीची नासाडी डोळ्यांसमोर पडते, तिचें काम दिसत नाहीं. ग्वानायचें खत सर्वांस दिसलें, पक्षी कोणास दिसला नाहीं. दोन्हीकडे हिशेब अर्धाच मांडला गेला. पोखरलेलीं शहाळीं मोजून मींही एकदां वाडींत विष ठेविलें. घरचें मांजर मेलें, खारी तशाच राहिल्या. आतां माडाच्या बुंध्यास गुळगुळीत पत्र्याचा पट्टा बांधतों व शेजारच्या झाडांच्या टेकणाऱ्या फांद्या तोडतों.

दुसरा धडा उकिरड्याचा. जें नत्र पेरूंत पावसाअभावीं टिकलें, तेंच आपल्या उघड्या उकिरड्यांतून मृगाच्या सरींबरोबर ओढ्यास मिळतें. तरी पावसाळ्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या खताच्या खड्ड्यावर छप्पर घालावें, ही विनंति.